फोटो क्रमांक अकरा

ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. विमा कंपनीत ती नुकसानीची पाहणी करायची. कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, कुणाच्या छताचा तुकडा खाली आला, की ही हजर. पर्समध्ये एक स्टीलची फूटपट्टी कायमची. जिथे पोचा आलाय तिथे पट्टी धरायची, फोटो काढायचा आणि खाली दोन ओळींची नोंद लिहायची. बारा वर्षांत तिने पट्टीशिवाय एकही फोटो काढला नव्हता. "लोक खोटं बोलतात असं नाही," ती म्हणायची, "पण ज्याला त्याला आपलं नुकसान हातभर लांब दिसतं. पट्टीला कुणाची भीड नसते."

घरी मात्र ती पट्टी पर्समधून कधी बाहेर आली नव्हती. आली ती सासऱ्यांमुळे.

सासरे रेल्वेत सिग्नलमन होते. चौतीस वर्षं त्यांनी केबिनमध्ये काढली आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे त्या चौतीस वर्षांत ड्यूटीवर त्यांची पापणी एकदाही जड झाली नाही. निवृत्तीनंतरही तो बाणा सुटला नव्हता. दुपारी जेवण झालं की ते खिडकीजवळच्या खुर्चीत रेडिओ लावून बसत. पाच मिनिटांत मान मागे जाई, तोंड उघडे आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजाला खालून एक निराळाच सूर लागे. पण सासूबाईंनी रेडिओ बंद करायचा अवकाश, डोळे न उघडता आवाज येई, "ऐकतोय मी."

"काय ऐकताय? काय म्हणाला तो, सांगा बघू."

"परिस्थिती गंभीर आहे म्हणाला."

आता बातम्यांत परिस्थिती गंभीर नसते कधी? त्यामुळे दर वेळी सासूबाईंचंच तोंड बंद व्हायचं. पण एका रविवारी रेडिओवर फुलझाडांची निगा कशी राखावी यावर कार्यक्रम चालला होता, आणि तरीही परिस्थिती गंभीरच निघाली. तेव्हा सासूबाईंचा संयम संपला. नवरा पुन्हा घोरू लागेपर्यंत त्या थांबल्या आणि मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "सूनबाई, जगाची नुकसानं मोजत फिरतेस. हे एक मोजून दे मला."

पट्टीबाईने हात पुसले. टेबलावरचं घड्याळ उचलून सासऱ्यांच्या खांद्याशेजारी ठेवलं, उघड्या तोंडाशी पट्टी उभी धरली आणि ऑफिसच्या मोबाइलवर फोटो काढला. हा सूर्य आणि हा जयद्रथ.

सासऱ्यांनी तो फोटो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, हात लांब करून पाहिला.

"डोळे मिटलेत, कबूल. पण झोपलोय कशावरून?"

"तोंड उघडं आहे, बाबा. साडेचार सेंटीमीटर."

"विचार करताना उघडतं माझं."

"आणि आजोबा, हा हनुवटीवरचा ओघळ?" आठ वर्षांच्या टिल्लीने विचारलं.

"खोल विचार," तिचा बाप म्हणाला, आणि सगळं घर हसलं. सासरेही हसले, पण मान्य काही केलं नाही.

तिथून त्या घरात पुराव्याचं राज्य सुरू झालं. पट्टीबाईचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. लग्नातला शर्ट आपल्याला अजून होतो, असं तो दर दोन महिन्यांनी जाहीर करी. त्याला तो शर्ट घालायला लावून दोन बटणांच्या मधल्या खिडकीला पट्टी लावली गेली. टिल्ली म्हणायची की ताटातले मोडाचे कच्चे वाटाणे मी संपवते. तिचा फोटो गॅलरीतल्या कुंडीपाशी निघाला. ज्यांच्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं, त्या सासूबाईंनी तर वर्षभरापूर्वी गोड सोडलं होतं. एका संध्याकाळी त्या कोठीच्या खोलीत दाराआड सापडल्या, बिस्किटांचा डबा छातीशी आणि दोन्ही गाल असे फुगलेले की पट्टी कुठल्या गालाला लावावी हा प्रश्न पडला. "बिस्किटं मऊ पडली का ते बघत होते," असं त्यांनी नंतर सांगितलं. नंतर म्हणजे बऱ्याच नंतर, कारण लगेच बोलता येण्यासारखं नव्हतं.

पट्टीबाईसुद्धा सुटली नाही. दातांत टूथब्रश धरून, डोक्यावर चष्मा ठेवून ती घरभर चष्मा शोधतेय, असा तिचा फोटो टिल्लीने काढला आणि चष्म्यापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजून घेतलं. रविवारी दुपारी सगळे एका पलंगावर दाटीवाटीने बसून आठवड्याचे फोटो बघत. ज्याचा फोटो असेल त्याला बचावाची संधी मिळे. कुणीही कधी सुटलं नाही.

पण हे सगळं चाललं होतं ऑफिसच्या मोबाइलवर, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथेच झालं.

गावातल्या एका दातांच्या दवाखान्यात पाइप फुटून पाणी शिरलं. पट्टीबाईने जाऊन अकरा फोटो काढले, अकरा नोंदी लिहिल्या आणि अहवाल धाडायला बसली. त्याच सकाळी तिने घरचे निवडक चार फोटो नवऱ्याला पाठवायचे म्हणून खुणा करून ठेवले होते. नवऱ्याला पाठवायचं राहिलं, खुणा तशाच राहिल्या. घाईघाईत दवाखान्याचे पहिले सात फोटो गेले आणि पुढच्या चारांच्या जागी घरचे चार. नोंदी मात्र दवाखान्याच्याच होत्या.

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब म्हणजे फाइलीतून जन्मलेला माणूस. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"बसा," साहेब म्हणाले. "दवाखान्याचा अहवाल वाचला."

"काही राहिलं का, सर?"

"राहिलं नाही. जास्त आलंय." त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला आणि सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. "फोटो क्रमांक आठ. गळतीचा मूळ उगम."

स्क्रीनवर टिल्ली एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने कुंडीत वाटाणे पुरत होती.

"फोटो क्रमांक नऊ. दाराआड असल्याने बाहेरून दिसत नाही. प्रकार बरेच दिवस चालू असावा."

सासूबाई, डब्यासकट.

"फोटो क्रमांक दहा. आतल्या दाबामुळे पुढे आलेला भाग. मूळ आकारात परत येण्याची शक्यता नाही."

पट्टीबाईने डोळे मिटून घेतले. तिला अकरावी नोंद पाठ होती.

"फोटो क्रमांक अकरा. मुख्य भोक. जुने बांधकाम, घसारा लागू." साहेबांनी चष्मा काढला. "नोंदींबद्दल माझी तक्रार नाही. नोंदी तंतोतंत आहेत. फोटो चुकलेत."

"सर, माफ करा. घरचे फोटो आहेत. मी आत्ता काढून टाकते."

"फाइलमध्ये गेलेली गोष्ट आपण काढत नाही, बाई. तिची पाहणी करून शेरा मारतो. शनिवारी दहाला येईन."

"कुठे, सर?"

"जिथे नुकसान आहे तिथे." मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "आणि नियमाप्रमाणे अहवालाची प्रत दातांच्या डॉक्टरबाईंना गेली होती. त्यांचं उत्तर आलंय."

डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, "एक ते सात मान्य. आठ, नऊ, दहा या फोटोंतली माणसं माझ्या दवाखान्यात राहत नाहीत, निदान मला तरी कधी दिसलेली नाहीत. अकरा नंबरचे गृहस्थ कोण ते ठाऊक नाही, पण त्यांची वरची उजवी, शेवटून दुसरी दाढ किडली आहे. फोटो फार स्वच्छ आहे, शेजारी पट्टी असल्यामुळे खड्डा केवढा तेही कळतं. लवकर दाखवावी. दुखत असणार."

पट्टीबाई जिन्यात येऊन थांबली आणि मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. खरंच होता, मिऱ्याच्या दाण्याएवढा काळा ठिपका. महिनाभर त्या फोटोला घरातले सगळे हसत होते. तिने साडेचार सेंटीमीटर मोजले होते, घड्याळातली वेळ लिहून ठेवली होती. लोकांच्या भिंतींतल्या केसाएवढ्या भेगा शोधणाऱ्या बाईला घरच्या माणसाच्या आ वासलेल्या तोंडातला खड्डा दिसला नव्हता. तिला हसूही येत होतं आणि स्वतःचा रागही.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"माझ्या मागे ते घड्या न घातलेले कपडे दिसतायत का गं त्यात?"

"दिसतायत, आई."

"झालं. ऑफिसभर झालं."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "ते 'मूळ आकारात परत येण्याची शक्यता नाही' तू कशाबद्दल लिहिलं होतंस?"

"प्लायवूडबद्दल."

"हं," तो म्हणाला आणि पोट आत घेतलं.

सासरे मात्र उठून उभे राहिले. "चौतीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नाही. आणि आता काय, तर मुख्य भोक? जुने बांधकाम?"

"बाबा, ते छताबद्दल होतं. पण ती दाढ..."

"कसली दाढ? काही दुखत नाही माझं." असं म्हणून ते जे बसले ते दातखीळ बसल्यासारखे गप्प.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणून पाव चहात बुडवून खाताय होय? आणि सफरचंद रोज 'तूच खा बाळा, तू वाढत्या वयाची'. मला वाटलं नातीचं कौतुक."

"आजोबा फक्त डावीकडून चावतात," टिल्लीने माहिती पुरवली. "मला केव्हापासून माहितीये."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ते म्हणाले, सांगितलंस तर मी वाटाण्यांचं सांगेन."

त्या दिवशी सासऱ्यांनी हुकूम काढला, की या घरात यापुढे फोटो निघणार नाही. दाढेचा विषय निघणार नाही, हेही त्यात आलंच. पट्टीबाईने पट्टी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

शनिवारी सकाळी घरात नवं लग्न ठरल्यासारखी गडबड होती. सासूबाईंनी कपड्यांच्या घड्या घातल्या, मग त्या घड्या उलगडून पुन्हा घातल्या. सासऱ्यांनी कोट चढवला. दहाच्या ठोक्याला बेल वाजली. साहेब दारात उभे, हातात फाइल आणि शर्टाच्या खिशात स्वतःची लाकडी पट्टी.

"क्रमांक आठ कुठे आहे?" आत येता येता त्यांनी विचारलं.

टिल्लीने हात वर केला आणि त्यांना गॅलरीत नेलं. कुंडीत वाटाण्याचे दोन नाजूक वेल वर आले होते. साहेबांनी वाकून पाहिलं, फोटो शेजारी धरून पाहिला आणि लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाले, "उगम सापडला. उगवलाही आहे."

मग कोठीची खोली. सासूबाई आधीच दारासमोर उभ्या होत्या. "त्या फोटोतली बाई माझ्यासारखी दिसते खरी," त्या म्हणाल्या, "पण मी गोड सोडलंय." साहेबांनी दार पुढे ओढलं. दाराआड डबा होता. दोघंही डब्याकडे बघत उभे राहिले. शेवटी सासूबाईंनी झाकण उघडून डबा पुढे केला.

"घ्या एक."

"पुरावा खाता येत नाही," साहेब म्हणाले. जरा थांबून त्यांनी एक उचललं. "नमुना म्हणून घेतो."

दहा नंबरला तो शर्ट घालून यावं लागलं. नवरा खोलीतून श्वास रोखून बाहेर आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. साहेबांनी पट्टी बटणांना लावली. "नोंदीपेक्षा कमी भरतंय," ते म्हणाले, आणि या कौतुकाने नवऱ्याने सुटकेचा नि:श्वास सोडला. तो सोडायला नको होता. मधलं बटण सुटलं, साहेबांच्या कानाजवळून गेलं आणि त्यांच्यासाठी आणून ठेवलेल्या चहाच्या कपात पडलं. साहेबांनी कपात डोकावून पाहिलं आणि लिहिलं, "नुकसान अद्याप चालू आहे."

आता राहिले अकरा नंबर. सासरे खुर्चीत ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटून.

"तोंड उघडावं लागेल," साहेब म्हणाले.

सासऱ्यांनी मान हलवली.

"तोंड उघडल्याशिवाय फाइल बंद होत नाही."

नियमाचं नाव निघालं की सासऱ्यांचा नाइलाज व्हायचा, तोही नोकरीतलाच रोग. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, डोळे मिटले आणि आ केला. साहेबांनी पट्टी पुढे नेली. पट्टीचं टोक त्या दाढेला लागलं मात्र, सासऱ्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की खिडकीतली कबूतरं उडाली आणि साहेब दोन पावलं मागे जाऊन दहा नंबरवर आदळले.

कुणी हसलं नाही. सासूबाई पुढे आल्या, खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या गालावर हात ठेवला.

"दोन महिने?"

"तीन," सासरे म्हणाले.

"आणि काही दुखत नाही."

"विशेष नाही."

साहेबांनी फाइल टेबलावर ठेवून शेरा लिहिला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. "प्रत्यक्ष पाहणी केली. कुटुंब जागेवर आहे. फोटोंत दिसणारे सर्व नुकसान जुने असून पाण्याशी त्याचा संबंध नाही. अकरा क्रमांकाची दुरुस्ती तातडीने करावी."

बटण काढून टाकून त्यांना नवा चहा दिला गेला. चहा संपला तरी ते उठेनात. फाइलची दोरी बांधत, सोडत बसले. शेवटी पट्टीबाईकडे न बघता म्हणाले, "यातले आणखी फोटो आहेत का? फाइलसाठी नको. असंच."

पट्टीबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. बंदीहुकूम त्यांचा होता. ते गाल धरून बसले होते. त्यांनी हातानेच 'दाखव' अशी खूण केली.

मग सगळे पलंगावर बसले, मध्ये साहेब. टूथब्रश आणि चष्मा आला. घरभर मोजा शोधणारा, एक मोजा खांद्यावर असलेला गणिताचा मास्तर आला. टिल्लीचा दात पडला त्या दिवशी आरशासमोर ओळीने उभे राहून दात तपासणारे चौघे आले. पोळलेली जीभ बाहेर काढून पंख्याखाली उभ्या असलेल्या सासूबाई आल्या. साहेब आवाज न करता हसत होते, नुसते खांदे हलत होते. हलता हलता त्यांचा चष्मा घसरून टिल्लीच्या मांडीवर पडला.

"आमच्याकडे पण फोटो आहेत," चष्मा पुसत ते म्हणाले. "सगळे कारंज्यासमोर. दर वर्षी तीच बाग, तेच कारंजं. मी, बायको, दोन मुलं, उंचीप्रमाणे. वीस वर्षांत त्यात हललेलं काही असेल तर कारंजं."

"मग काढा की घरी," सासूबाई म्हणाल्या.

"काय काढू?"

"तुमची बायको तुमच्याबद्दल कसली तक्रार करते?"

साहेबांनी विचार केला. "म्हणते, मी जेवतानासुद्धा ताटातल्या वस्तू क्रमाने लावतो."

"लावता का?"

"नाही," साहेब म्हणाले. बशीतली चार बिस्किटं त्यांच्यासमोर लहान-मोठी अशी ओळीने मांडलेली होती. पट्टीबाईने पर्सची चेन उघडली.

सोमवारी ती सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात गेली. सासूबाई आणि टिल्लीही निघाल्या, कारण मागे राहायला दोघीही तयार नव्हत्या. भिंतींना नवा रंग दिलेला होता. डॉक्टरबाई दारातच सासऱ्यांकडे बघून थबकल्या. चेहऱ्यावरून ओळख पटेना. "जरा आ करा," त्या म्हणाल्या. त्यांनी आ केला आणि डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. "अकरा नंबर ना? या, या. वाटच बघत होते."

वादळात एकट्याने केबिन सांभाळणारा माणूस त्या खुर्चीत बसताना टिल्लीचा हात धरून बसला. दाढ वाचली. तासाभराने ते बाहेर आले तेव्हा अर्धा चेहरा बधिर होता आणि ओठ एका बाजूला लोंबत होता. रस्त्याने चालताना ते सासूबाईंना बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. फुस्स, हूं, वाव् याखेरीज कुणाला एक अक्षर कळलं नाही.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी पहिल्यांदा मला सांगायचं. म्हातारे झालात असं कोण म्हणतंय? मी म्हटलं का कधी?"

सासऱ्यांनी मान हलवली आणि पुन्हा काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" पट्टीबाईने विचारलं.

"म्हणतायत, उद्यापासून सकाळचा चहा मी करीन."

सासरे थांबले. त्यांनी जोरजोरात हात हलवले, वाव् वाव् केलं.

"आणि भाजीसुद्धा मीच आणीन म्हणतायत," सासूबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून घेऊन गेल्या.